विजेचा दर आणि विजेचे मोल

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत उचगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हे वाचनालय सुरू झाले त्या काळात दिवेलागणीनंतर पुस्तक उघडायचे म्हणजे आधी कंदिलाची काच पुसावी लागे. रॉकेल मोजून घातले जाई आणि वात किती चढवायची, याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांकडे असे. उजेडाला किंमत आहे, ही गोष्ट तेव्हा कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. रात्र सरत जाई तशी बाटलीतील पातळी उतरलेली डोळ्यांना दिसे. आज आपण बटण दाबतो आणि उजेड पडतो. तो कोठून आला, त्यासाठी कोणी काय खर्च केले, हे काहीच दिसत नाही. त्यातच कर्नाटक शासनाने २०२३ साली 'गृहज्योती' योजना सुरू केली. ठरावीक मर्यादेत, जास्तीत जास्त दोनशे युनिटपर्यंत, घरगुती वीज विनामूल्य झाली आणि आपल्यापैकी अनेकांच्या हाती शून्य रकमेचे बिल येऊ लागले. गरीब घराला त्याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण शून्याच्या त्या आकड्याने विजेची किंमत आणखी अदृश्य केली, हेही खरे आहे.

मराठी शिकविणाऱ्या माणसाने विजेवर का बोलावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की विजेचे बिल हाही एक मजकूर आहे. तो आपण दरमहा हातात घेतो आणि वाचत नाही. त्या मजकुरात दोन आकडे छापलेले असतात आणि तिसरा कधीच छापला जात नाही. हे तीन आकडे समजून घेणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम वीज तयार कशी होते ते पाहू. १८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तांब्याच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला तर वेटोळ्यातून वीज वाहू लागते. एवढ्या एका शोधावर जगातील बहुतेक वीजकेंद्रे उभी आहेत. जनित्र म्हणजे फिरता चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारांची वेटोळी. प्रश्न उरतो तो इतकाच, की हा चुंबक फिरवायचा कोणी? उंचावरून पडणाऱ्या पाण्याने फिरवला, तर ते जलविद्युत केंद्र. कोळसा जाळून पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेने फिरवला, तर ते औष्णिक केंद्र. कैगासारख्या अणुकेंद्रातही शेवटी वाफच करायची असते, फक्त उष्णता अणूच्या विभाजनातून मिळते. आपल्या भागातील साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून हेच करतात आणि गळीत हंगामात जास्तीची वीज विकतात. पवनचक्कीत हे काम वारा करतो. या कुळाबाहेरचा एकच मोठा प्रकार आहे, तो म्हणजे सूर्यप्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणारी सौर तावदाने. त्यांत काहीच फिरत नाही.

एक युनिट वीज म्हणजे किती काम, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. शंभर किलो वजनाचे पोते समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या शिखरापर्यंत चढवावे, पुन्हा खाली आणून दुसऱ्यांदा चढवावे, आणि तिसऱ्या खेपेला जवळजवळ पाव चढण चढून थांबावे. या सर्व चढणीला जेवढे काम पडेल तेवढे एका युनिटमध्ये असते. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर एक हजार लिटर पाणी सुमारे ३६७ मीटर उंचीवरून पडले, तर वाया काहीही न जाता एक युनिट मिळेल. कोळशाच्या भाषेत, आपल्याकडील कोळशाचे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम जाळावे लागतात आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश उष्णता धुराड्यातून व थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. हे सारे करून मिळालेले युनिट आपण काही रुपयांना घेतो. मनुष्याच्या श्रमांशी तुलना केली तर विजेइतकी स्वस्त वस्तू बाजारात दुसरी नाही.

या कामाचा आरंभ आपल्या अगदी जवळ झाला. आपली मार्कंडेय नदी ज्या घटप्रभेला जाऊन मिळते, त्या घटप्रभेवरील गोकाकच्या धबधब्याच्या बळावर १८८७ साली तेथील सूतगिरणी चालू झाली. ज्या ठिकाणी पाणी पडते, तेथेच गिरणी बांधायची, अशी ती व्यवस्था होती. पुढे १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे लहानसे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीज निर्माण करून ती सुमारे दीडशे किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचविली. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणे ही जगात नवलाची गोष्ट होती. गोकाक ते शिवनसमुद्र या पंधरा वर्षांत केवढा फरक पडला पाहा. गोकाकला गिरणीला पाण्याकडे यावे लागले, शिवनसमुद्राला पाण्याचे बळ तारेवरून खाणीकडे गेले. वीज जेथे तयार होते तेथील माणसे वेगळी आणि ती वापरणारी माणसे वेगळी, अशी फाळणी त्या दिवसापासून सुरू झाली. या फाळणीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. विजेचा एक विचित्र गुण आहे. धान्य कणगीत भरून ठेवता येते, गूळ अडतीत थांबतो, पण वीज मोठ्या प्रमाणावर तशीच साठविता येत नाही. ज्या क्षणी आपण पंखा लावतो, त्या क्षणी कोठेतरी तेवढी वीज अधिक निर्माण व्हावी लागते. मागणी आणि पुरवठा यांचा तराजू अष्टौप्रहर सम राहिला पाहिजे. आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तने, हा त्या तराजूचा काटा आहे. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की हा काटा खाली येतो आणि फार खाली आला तर केंद्रे एकामागून एक बंद पडतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात आणि नंतर पूर्व व ईशान्य भारतातही तसेच घडले आणि कोट्यवधी लोक अंधारात गेले. म्हणून संध्याकाळी सात वाजता, जेव्हा घरोघर दिवे लागतात, त्या दोन-तीन तासांसाठी लागणारी केंद्रेही वर्षभर सज्ज ठेवावी लागतात. आपण विजेचे पैसे देतो, त्यातील मोठा भाग या सज्जतेचा असतो.

ही गोष्ट आपल्या गुऱ्हाळावरून चटकन समजेल. गुऱ्हाळाला चरक लागतो, काहील लागते, चुलवाण बांधावे लागते, गुळव्याला हंगामाचा पगार ठरवून द्यावा लागतो. ऊस आला वा न आला, हा खर्च चुकत नाही. तो पहिला खर्च. दुसरा खर्च उसाचा, जेवढा गाळाल तेवढा. शंभर आधणे निघाली तर चरकाचा खर्च शंभरांवर वाटला जातो. दहाच निघाली तर त्या दहा आधणांच्या गुळावर सारा भार येतो. गूळ तोच, चरक तोच, पण ढेपेची किंमत वेगळी. वीजकेंद्राचा हिशेब नेमका असाच असतो. उभारणीवरचे व्याज, कर्जफेड, झीज आणि पगार हा स्थिर खर्च, आणि कोळसा किंवा वायू हा चालता खर्च. आपल्या बिलातील 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' हे दोन आकडे या दोन खर्चांचीच लांबून आलेली सावली आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर मेगावॅटचे एक केंद्र आहे आणि त्याचा वर्षाचा स्थिर खर्च १४० कोटी रुपये आहे, असे धरा. वर्षभर ते आपल्या कुवतीच्या ऐंशी टक्के चालले तर सुमारे ७० कोटी युनिट वीज निघेल आणि स्थिर खर्च युनिटला दोन रुपये पडेल. चाळीस टक्केच चालले तर चार रुपये, आणि वीस टक्के चालले तर आठ रुपये. कोळशाचा खर्च याहून निराळा. यंत्र एकच, वीज एकच, परंतु केंद्र किती चालते यावर तिचा भाव चौपट होतो. वीज महाग की स्वस्त हे विचारण्याआधी 'ती किती काळ चालणाऱ्या यंत्रातून आली?' हे विचारले पाहिजे.

याचे शहाणपणाचे उदाहरण महाराष्ट्रात आहे आणि अनर्थाचेही आहे. दोन्ही सह्याद्रीच्या आसऱ्याला आहेत.

शहाणपणाचे उदाहरण कोयनेचे. कोयना ही पूर्वेकडे वाहणारी नदी. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिचे पाणी अडविले आणि डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, कोकणात सोडले. पोफळीच्या भूमिगत केंद्रात ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून येते आणि पुढे वाशिष्ठी नदीला मिळते. १९६२ मध्ये पहिली वीज निघाली. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे केंद्र मिळून आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. परंतु बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातील राज्यांना पाणी वाटून देताना कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवावयाच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टी.एम.सी. एवढी मर्यादा घातली. एवढ्या पाण्यावर सारी यंत्रे पूर्ण भाराने चालविली, तर ती दिवसाला सरासरी चार तासांच्या आसपासच चालतील. मग १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला भोक पाडून, म्हणजे 'लेक टॅपिंग' करून, एक हजार मेगावॅटचा चौथा टप्पा कशासाठी जोडला? पाणी तर वाढणार नव्हते. त्याचे उत्तर असे, की पाणी तेवढेच असले तरी ते संध्याकाळच्या गरजेच्या वेळी एकदम वापरता यावे. औष्णिक केंद्र थंड पडले तर पुन्हा तापायला कित्येक तास घेते. पाण्याचे यंत्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलते. कोळशाची केंद्रे रात्रंदिवस संथ चालवायची आणि कोयनेचे पाणी गर्दीच्या वेळेसाठी राखून ठेवायचे, ही घरातील जाणत्या बाईने तूप वाढावे तशी काटकसर आहे. आपल्याजवळ चंदगड तालुक्यातील तिलारीचे सुमारे ६० मेगावॅटचे केंद्रही सह्याद्रीच्या याच उताराचा उपयोग करते.

अनर्थाचे उदाहरण दाभोळचे. गुहागर तालुक्यात समुद्रकाठी अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने मोठे वीजकेंद्र उभारावयाचे ठरले. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने त्या वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने तो रद्द केला, आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प आधीपेक्षा मोठा करून पुन्हा स्वीकारला गेला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला. यंत्रे आधुनिक होती, अभियंते कुशल होते. दोष होता तो करारातील हिशेबात. मंडळाने वीज घेतली वा न घेतली, केंद्र सज्ज असेल तर स्थिर आकार द्यावयाचाच होता. तो डॉलरशी बांधलेला होता, आणि करार झाला तेव्हा एकतीस रुपयांच्या घरात असलेला डॉलर २००१ पर्यंत सत्तेचाळीसच्या घरात गेला. इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या नॅफ्थ्याचे भाव वाढले. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेऊ लागले, आणि कमी घेतल्यामुळे प्रत्येक युनिटवर स्थिर आकाराचा बोजा आणखी वाढला. आपण मघाशी दोन रुपयांचे आठ रुपये होताना पाहिले, ते येथे प्रत्यक्ष घडले. काही महिन्यांत दाभोळच्या विजेचा भाव युनिटला सात रुपयांच्याही वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी पुढाकार घेऊन ते केंद्र नव्या नावाने ताब्यात घेतले, पण वायूच्या टंचाईने २०१३ मध्ये ते पुन्हा थंडावले.

या प्रकरणातील एक गोष्ट वाचनालयाच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगण्यासारखी आहे. इतकी महाग वीज रात्रंदिवस घेणे राज्याला परवडणार नाही, असे प्रतिकूल मत जागतिक बँकेने १९९३ मध्येच दिले होते. आणि पुण्यातील 'प्रयास' या लहानशा संस्थेत गिरीश संत, शंतनु दीक्षित यांच्यासारख्या तरुण अभियंत्यांनी उपलब्ध कागद मिळवून, आकडे मांडून, हा करार ग्राहकाला कसा महाग पडणार आहे ते नव्वदच्या दशकाच्या मध्यालाच दाखवून दिले होते. त्यांच्या हाती सत्ता नव्हती की पैसा नव्हता. त्यांनी फक्त नेटाने वाचले. पुढे जे घडले ते त्यांनी मांडलेल्या हिशेबाच्या वाटेनेच घडले.

येथवर आपण बिलातील दोन आकड्यांविषयी बोललो. आता न छापलेल्या तिसऱ्या आकड्याकडे येऊ.

टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून, घाटाखाली खोपोलीला १९१५ मध्ये वीज निर्माण झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. दुरून कोळसा आणावा लागत असे, तो वाचला. औद्योगिक दृष्टीने ते थोर काम होते. त्या यशातूनच मुळशीच्या धरणाची योजना पुढे आली. मुळशी पेट्यातील भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभिला. स्त्री-पुरुषांनी कामावर आडवे होऊन मार खाल्ला आणि तुरुंगवास भोगला. सुमारे तीन वर्षे तो लढा चालला आणि मावळला. धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. आपल्या वाचनालयाच्या आरंभाचा काळ आणि मुळशीच्या अखेरीचा काळ जवळजवळ एकच आहे. इकडे पुस्तकांची कपाटे भरत होती, तेव्हा तिकडे देवघरे रिकामी होत होती.

मुळशीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे काय होते? मुंबईला वीज मिळू नये, असे ते म्हणत नव्हते. ती वीज ज्यांच्या शेतातून जाणार, त्यांच्या घरी तिचा उजेडही पडणार नव्हता, नफ्यात त्यांचा वाटाही नव्हता, आणि शेतीचे मोल कोणी दुसरेच ठरविणार होते. मघाशी मी ज्या फाळणीचा उल्लेख केला ती हीच. कोयनेच्या शिवसागर जलाशयात शंभरच्या आसपास गावांना झळ बसली आणि तेथील कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी दूरदूर पांगली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत लोंबकळत राहिले. आपल्या खानापूरच्या शेजारी पाहा. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, त्यात सुपे बुडाले आणि तेथील मराठी-कोकणी बोलणारी माणसे रामनगरला येऊन वसली. नागझरीची वीज कर्नाटकातील घराघरांत पोहोचली. कोयनेची वीज स्वस्त पडते, असे आपण अभिमानाने म्हणतो. ती स्वस्त आहे याचे एक कारण पाण्याला भाडे नाही, हे आहे. आणि दुसरे कारण, उठलेल्या माणसांचे देणे कोणत्याही युनिटच्या दरात धरलेले नाही, हेही आहे. कोळशाच्या विजेतही हेच. रायचूरच्या केंद्राच्या राखेचा आणि धुराचा भार आसपासची माणसे श्वासावाटे उचलतात, बिलावाटे आपण तो उचलत नाही.

मग धरणे बांधू नयेत का, केंद्रे उभारू नयेत का? तसे माझे म्हणणे नाही. वीज नसती तर पिठाची गिरणी, शेतातील पंप, दवाखान्यातील शीतकपाट यांपैकी काहीच नसते. माझे म्हणणे इतकेच, की तिसरा आकडा लपविला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कोणीतरी भरीत असतो, आणि बहुधा ज्याची भरण्याची ऐपत सर्वांत कमी तोच भरीत असतो. तो आकडा बिलात आणता येतो का, हा खरा प्रश्न आहे.

आणता येतो, याचा अर्धामुर्धा पुरावा कर्नाटकातच आहे. तुमकुरू जिल्ह्यातील पावगड या दुष्काळी तालुक्यात २०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. २०१८ मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला. त्यासाठी सुमारे तेरा हजार एकर जमीन लागली, परंतु ती विकत घेतली नाही वा सक्तीने संपादनही केली नाही. ती शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली. एकरी वार्षिक भाडे ठरले आणि ठरावीक काळाने त्यात वाढ धरली. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. मुळशीत जे मागितले असते तर वेडेपणा ठरला असता, ते शंभर वर्षांनी करारात लिहिले गेले आणि विजेच्या खर्चात धरले गेले. तरीही हा पुरावा अर्धाच आहे, कारण भाडे मिळते ते सातबारावर नाव असलेल्याला. त्याच रानात रोजगाराने राबणाऱ्या भूमिहीनाचे नाव भाडेपट्ट्यावर नसते.

सूर्याला इंधनाचा खर्च नाही, म्हणून दुपारची सौर वीज आज कोळशाच्या नव्या विजेपेक्षा स्वस्त पडते. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि आपली मागणी तेव्हाच चढते. पुन्हा सज्जतेचा प्रश्न आला. त्यावर एक उपाय म्हणजे वीज जास्त असेल तेव्हा तिने खालच्या तलावातील पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि गरजेच्या वेळी ते पुन्हा खाली सोडून वीज काढायची. महाराष्ट्रात घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचे असे केंद्र आहे. चार युनिट घालून साधारण तीनच परत मिळतात, पण ती हव्या त्या वेळी मिळतात, आणि वेळेलाच मोल आहे. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीकडेही असा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. दुसरा उपाय याहून साधा आहे. जी मागणी हलविता येते ती दिवसा आणायची. शेतीपंपाला दिवसा सौर वीज देण्याची योजना महाराष्ट्राने २०१७ मध्ये याच विचाराने सुरू केली. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीती मनात ठेवून पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याला यातील सुख सांगायला नको.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्या भागाने लक्षात ठेवावी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे विद्युतजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका तालात आले. तोपर्यंत दोन्हीकडची आवर्तने वेगवेगळी चालत. आज आपल्या घरातील दिवा आणि कोल्हापूरच्या घरातील दिवा एकाच तालावर जळतो. या तारेतील वीज शरावतीची की रायचूरची की चंद्रपूरची, असा भेद आता करता येत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला या गोष्टीचा अर्थ अधिक सांगण्याची जरुरी नाही.

आता शून्याच्या बिलाकडे परत येऊ. आपण भरीत नाही ते पैसे राज्य शासन वीज कंपनीला देते, म्हणजे ते आपल्याच करांतून जातात. शासनाने ते वेळेवर दिले तर व्यवस्था चालते. ते थकले, की वितरण करणारी कंपनी निर्मिती करणाऱ्याचे देणे थकविते, निर्मिती करणारा कोळशाचे थकवितो, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळाला तर बदलायला पैसे नाहीत, अशी वेळ येते. महाराष्ट्रात श्रीरामपूरकडे मुळा-प्रवरा ही ग्रामीण वीज सहकारी संस्था १९६९ पासून काम करीत होती. घाऊक वीज घेऊन ती गावोगाव वाटीत असे. थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ मध्ये तिचे काम संपुष्टात आले. आपल्या जिल्ह्यात हुक्केरीची ग्रामीण वीज सहकारी संस्थाही १९६९ चीच. ती अद्याप काम करीत आहे. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन संस्थांच्या या दोन वाटा पाहिल्या, तर विजेच्या धंद्यात तारेइतकीच वसुलीही महत्त्वाची असते, हे ध्यानात येईल. गरिबाला वीज विनामूल्य द्यावी की न द्यावी, यावर मतभेद होऊ शकतात. ती देताना तिचा हिशेब उघडा ठेवावा, यावर मतभेद होण्याचे कारण नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. कर्नाटकात १९९९ पासून वीज नियामक आयोग आहे. दर ठरविण्यापूर्वी तो कंपन्यांचे हिशेब प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. कोणाही ग्राहकाला तेथे बोलता येते. फारच थोडे लोक बोलतात, कारण फारच थोडे लोक ते हिशेब वाचतात. आपल्या वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर या आदेशांची एक फाइल असावी. नवी योजना कानांवर आली की सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत. ती उभी करण्याचा खर्च किती आणि तो कोणत्या नाण्यात? वर्षातून किती काळ ती चालणार? आणि तिच्यापायी जे उठणार, त्यांचे देणे दरात धरले आहे की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर दाभोळ टळते. तिसऱ्याचे मिळाले तर मुळशी टळते.

कंदिलाच्या काळात रॉकेल किती उरले ते काचेतून दिसत असे. विजेचे मोल तसे दिसत नाही, ते वाचावे लागते. आणि वाचण्याची सवय लावणारी संस्था या गावात शंभर वर्षे उभी आहे. तिच्या पुढील शतकाला मी मनःपूर्वक शुभेच्छा देतो.